मोज्यातलं बोट

बांधकामाच्या साइटवर मी सेफ्टी बघतो, आणि मला मागून ‘फाइनवाला’ म्हणतात. माझीच करणी. वाघोलीजवळच्या या साइटवर हातमोजे नसतील तर शंभर रुपये दंड, हा नियम मीच लावून घेतला. मोजे कुठले, तर पांढरे, सुती, विणलेले, डझनावारी मिळणारे. सळईवाला, गवंडी, शटरिंगचा म्हणजे स्लॅबच्या साच्याचा सुतार, सगळ्यांना तेच. त्या दिवशी सकाळच्या टूलबॉक्स टॉकलाही, म्हणजे कामाआधीच्या सेफ्टीच्या बोलण्यातही, माझं तेच पालुपद होतं.

साडेअकराला मुकादमाचा फोन. “साहब, जल्दी आइए, कटर पे हाथ गया.”

शटरिंग यार्डातलं ‘टेबल कटर’ हे नावालाच टेबल असतं. प्लायला खाच पाडायची, सात इंची हातकटर खालून उलटा बसवायचा आणि पातं वर काढायचं. त्याचं स्प्रिंगचं गार्ड बाइंडिंग तारेने मागे ओढून बांधायचं, ट्रिगरही तारेनेच दाबून ठेवायचा. मशीन बंद करायचं म्हणजे प्लग उपटायचा! पातं मिनिटाला पाचेक हजार फेरे घेतंय आणि प्लग पंधरा फुटांवर. मी ते टेबल दोनदा मोडायला लावलं, ठेकेदाराने दोनदा उभं केलं. त्यालाही काय बोलणार? स्लॅबची तारीख त्याच्या बोकांडी, आणि तयार टेबल सॉ मागितला की परचेसवाले महिनाभर कोटेशनंच गोळा करतात.

मी पोचलो तेव्हा झारखंडचा तो पंचविशीचा सुतार डाव्या हाताला गमछा आवळून विटांवर बसला होता. पोरं भुश्यात बोट शोधत होती. मोजा पात्याला पिळा पडून अडकलेला. बोट मोज्यातच होतं. तर्जनी, मुळापासून.

मुकादमाने रसवंतीवरून बर्फ आणला आणि बोट सरळ त्यात टाकायला निघाला. त्याच्या हातातून ते काढून घेतलं. गॉज सलाइनने ओलं करून पिळायचं, बोट त्यात गुंडाळून पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट लागला तर बोट गोठतं, मग जोडायच्या कामाचं राहत नाही. हे सगळं मी अगदी पुस्तकाबरहुकूम केलं.

गाडीत तो पहिल्यांदा बोलला. “साहब, दस्ताना पहना था मैंने.” दंड होईल म्हणून सांगत होता.

हाताचे सर्जन मायक्रोस्कोपखाली बोट बघून लवकरच बाहेर आले. “नुसतं कापलं असतं तर जोडायला घेतलं असतं. हे ओढून उपटलंय. रक्तवाहिन्या आतपर्यंत ताणल्या गेल्यात. मोजे होते का हातात?”

हो म्हणालो.

नुसतं बोट पात्याला लागलं तर कापतं. मोज्याचा धागा लागला तर पातं अख्खा हात आत ओढतं. फिरत्या यंत्रावर सैल मोजे नकोत, हे मी कोर्सला शिकलोय, परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. पण तपासणीच्या यादीत ‘हातमोजे’ असा एकच चौकोन, आणि मी रोज त्यावर टिक करत आलो.

अपघाताच्या फॉर्मवर ‘पीपीई (मोजे, हेल्मेट वगैरे सुरक्षा साधनं) वापरले होते का?’ पुढे ‘होय’ लिहिलं. त्या ‘होय’वर हेड ऑफिस खूश. भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी गेली म्हणजे कमाईची 14 टक्के क्षमता गेली. शटरिंगचा सुतार खिळा डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरतो. हा आता मधल्या बोटाने धरून बघतोय. खिळा कलतो म्हणतो.

हल्ली कटरवर मी मोजे काढायला लावतो. मागच्या आठवड्यात क्लायंटच्या ऑडिटमध्ये नेमका तोच फोटो आला, ‘कामगार विनाहातमोजे’, आणि माझ्याकडे खुलासा मागितलाय. सोबत जोडायला म्हणून दंडाची वही काढली. अपघाताच्या आधीच्या पंधरवड्यात त्या सुताराच्या नावापुढे शंभर-शंभरच्या दोन नोंदी आहेत, ‘कटरवर मोजे नाहीत’. खाली सही माझी.