ओट्याखालचा कडाप्पा

१९८०च्या दशकात बांधलेल्या आमच्या पुण्यातील सदनिकेचे स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायचे ठरले, तेव्हा घरात सर्वाधिक वेळ कपाटांच्या शटरच्या रंगावर गेला. वास्तविक अशा घरांतला खरा जुनेपणा भिंतींच्या आत दडलेला असतो. त्या काळचे जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे नळ आतून गंजून पाण्याची धार बारीक करतात, आणि मिक्सर व ट्यूबलाइट एवढ्याच हिशेबाने केलेल्या वायरिंगवर आज मायक्रोवेव्ह आणि गीझर चालवणे धोक्याचे ठरते. म्हणून आम्ही आधी भिंती फोडून सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे नळ आणि १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट करून घेतले, आणि मगच टाइल्सना हात घातला.

मतभेद झाला तो कडाप्प्यावरून, म्हणजे ओट्याला आधार देणाऱ्या काळ्या दगडी फरश्यांवरून. ओट्याखालच्या उभ्या फरश्या काढून सगळे खण प्लायचे करावेत, असा कंत्राटदाराचा आग्रह होता. आयएस ७१० या भारतीय मानकाने प्रमाणित, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय उत्तम असतो, हे मला मान्य आहे. परंतु सिंकचा जोड आज ना उद्या पाझरतोच, आणि ते पाणी लॅमिनेटच्या कडेतून किंवा स्क्रूच्या भोकातून शिरू लागले की चांगल्या प्लायचेही आयुष्य घटते. कडाप्पा फुगत नाही आणि त्याला वाळवीही लागत नाही. तेव्हा जुन्या फरश्या तशाच ठेवून, त्यांना लाकडी पट्ट्या मारून त्यांवर ट्रॉलींचे चॅनेल बसवले आणि वर ग्रॅनाइट टाकला. यात सुताराचे काम वाढले, कारण जुनी फरशी क्वचितच गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात असते आणि प्रत्येक खणाचे माप निराळे घ्यावे लागते. (ट्रॉलीचे तयार माप घेऊन येणाऱ्याला हे पटवताना माझा घसा बसला.)

यामुळे ओट्याची उंचीही जवळपास पूर्वीइतकीच, ३२ इंच राहिली. हल्ली सरसकट ३४ इंच सुचवतात. पण वर शेगडी आणि तिच्यावर कढई आली की बुटक्या माणसाचा खांदा उचललेलाच राहतो, आणि आमच्याकडे स्वयंपाक मुख्यतः आईच करते.

चिमणीची सहा इंची नळी एकाच वळणात बाहेर काढली. त्यापायी खिडकीचे एक तावदान मात्र गमवावे लागले.