झाडाला लागून आत गेला

"झाडाला लागून आत गेला रे तो चेंडू," काका म्हणाले आणि चालू लागले.

आज सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर मी त्यांचं होल-इन-वनबद्दल अभिनंदन करत होतो. पार-३ चा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल, एकच फटका आणि चेंडू थेट सव्वाचार इंची खळग्यात! हौशी खेळाडूच्या बाबतीत ही शक्यता साधारण १२,५०० मध्ये एक असं सांगतात. मी भारावलो होतो, ते नव्हते.

मग आपणहून पुढच्या होलचं सांगू लागले. चेंडू बंकरमध्ये रुतलेला. वाळूतून अलगद उचलला, तो झेंड्यापासून हातभरावर येऊन थांबला. हे सांगताना त्यांची बोटं हवेतच क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरत होती. झाडाची गोष्ट सांगताना हात खिशात होते.

"हा मात्र मी मारला होता," म्हणाले.

दिवसभर ते हात डोळ्यांसमोर आहेत. लहानपणी कॅरममध्ये चुकून राणी गेली की मी वाडाभर ओरडायचो. पण रात्री अंथरुणात आठवायचा तो नेम धरून घातलेला कट.

तरी मला वाटतं, काकांनी तो चेंडू जपून ठेवावा. हिरवळीच्या दिशेने तो त्यांनीच मारला होता ना?

तुमच्या लग्ग्याने मिळालेल्या कुठल्या गोष्टीचा आनंद अजून टिकून आहे?