रॉकेट थ्री टूरिंग, १:६ : मागचं चाक परत पहिल्यापासून

मंडळी, ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीच्या रॉकेट थ्री टूरिंग मोटरसायकलची मी एक-षष्ठांश मापाची प्रतिकृती करतोय. तिच्या ज्या मागच्या चाकाचे फोटो गेल्या महिन्यात कौतुकाने टाकले होते, ते सध्या टेबलावर लाइटबिलं दाबून बसलंय.

चूक माझीच. ट्रायम्फची रॉकेट म्हटलं की डोळ्यांसमोर पहिला येतो तो मागचा २४० मिमीचा आडदांड टायर. सहाने भागलं, ४० मिमी आले. अंबडच्या टर्नरकडून नायलॉनच्या रॉडमधून चाक काढून आणलं, आठवडाभर कानशीने नक्षी पाडली. मग दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या लावून बघितल्या, तर त्या गरोदर म्हशीसारख्या बाहेर आलेल्या! फोटो पुन्हा नीट पाहिले तेव्हा कुठे ट्यूब पेटली. २४० चा टायर २००४ च्या मूळ रॉकेटचा. मी करतोय टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची आवृत्ती, आणि तिला १८०. म्हणजे आपल्याला हवेत ३० मिमी. पेट्या, मागची सीट आणि वर सामान लादून वळणं घ्यायची असतील तर अरुंद टायरच बरा, हे कसाऱ्याच्या घाटात गाडी चालवणाऱ्याला कुणी सांगायला नको. मला मात्र पेट्यांनी सांगितलं.

इंजिनाचं काम त्या मानाने सरळ गेलं. तीन सिलिंडर, गाडीच्या लांबीत एकामागे एक. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०१.६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९४.३, म्हणजे आपल्याकडे १६.९३ आणि १५.७२. मी सरळ १७ चं ड्रिल मारलं. सात शतांश मिमीचा गुन्हा कबूल. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, तीन पिना १२० अंशांवर बसवायला मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक ढापला. हाताने फिरवल्यावर तिन्ही पिस्टन एकापाठोपाठ वर येतात, ते बघत परवा रात्री अर्धा तास नुसता बसलो होतो.

गिअरबॉक्सचा शाफ्ट मूळ गाडीत क्रँकच्या उलट फिरतो. इंजिन लांबीत असल्यामुळे ॲक्सिलरेटर पिळला की गाडी एका अंगाला कलू बघते, तो झटका जिरवण्यासाठी ही युक्ती. मी आधी रबरी पट्टा लावला होता. त्याने दोन्ही एकाच दिशेला फिरायचे. आता दातेरी चाकं लावलीत.

गंमत म्हणजे १९९८ च्या सुमारास ट्रायम्फच्या हिंकलीतल्या कारखान्यात रॉकेटचं काम सुरू झालं तेव्हा बेत १६०० सीसीचाच होता. बाकीच्या कंपन्यांचे आकडे वाढत गेले आणि हे २२९४ वर जाऊन थांबले. टूरिंगमध्ये मात्र ताकद मुद्दाम उतरवून सगळा जोर खालच्या आरपीएमला ठेवलाय. मला तो शहाणपणा जास्त आवडतो.

टाकीचा रंग या पावसात वाळत नाहीये, तो विषय पुढच्या वेळी. कुणी मूळ रॉकेट करत असेल तर ४० मिमीचं चाक तयार आहे, गंगापूर रोडला येऊन घेऊन जा.