आजोबांची .३१५

आज आजोबांची रायफल घेऊन कोल्हापूरला गेलो होतो. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची .३१५, दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची बोल्ट अ‍ॅक्शन. इंग्रजांच्या राज्यात फौजेची .३०३ खाजगी माणसाला मिळायची नाही, म्हणून शिकाऱ्यांसाठी हा वेगळा बोअर, म्हणजे नळीचं वेगळं माप. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि आजोबांनी ती कपाटात ठेवली. तेव्हापासून ती बाहेर पडते दोनदाच: खंडेनवमीला पूजेसाठी आणि निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायला.

बंदुकीच्या दुकानातल्या काकांनी आधी बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली. मग एक काडतूस उलटं करून गोळीचं टोक नळीच्या तोंडात सोडलं. गेलं की सरळ काडतुसाच्या पितळेपर्यंत! "आटे संपले मालक. अडकायला पाहिजे होती मध्येच." आटे म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा; त्या झिजल्या की नेम लागत नाही. लाकडी दस्त्याला मागे चीर, तीत कुणीतरी एम-सील भरलेलं. (बाबाच असणार. आमच्या घरात बादलीपासून बंदुकीपर्यंत एकच औषध.)

काकांचं म्हणणं, नळी बदलण्याच्या आणि तिच्या कागदपत्रांच्या भानगडीत पडू नका. ही द्या, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची नवी .३१५ घ्या. हिशेबाने बरोबरच होतं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो, पण म्हटलं आईला विचारावं.

आई फोनवर म्हणाली, "शिकार करायचीय का तुला? मग आट्यांचं काय घेऊन बसलास?"

दस्ता तेवढा नवीन अक्रोडाचा सांगून आलो. जुना परत मागून घेतलाय, एम-सीलसकट.