हस्तकला महोत्सवात चाकापाशी रांग का तुंबते

स्थानिक इतिहास आणि पारंपरिक कलांचा महोत्सव भरवायचा म्हटलं की सगळ्यांना आधी कुंभाराचं चाक आठवतं. ठेवा जरूर, पण मुलांच्या हाती देऊ नका. एका मुलाला बसवून, हात धरून वाटी उचलून द्यायला 6-7 मिनिटं सहज जातात. म्हणजे तासाला फार तर 8-10 मुलं, आणि बाकीच्यांची रडारड. चाक कारागिरानं चालवावं, लोकांनी बघावं. मुलांनी शेजारच्या टेबलावर नुसत्या हातानं वाटी घडवावी.

दर मुलामागे 150 ते 200 ग्रॅमचा गोळा पुरतो. गोळे आदल्या रात्री करून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. अंगठा मधोमध रुतवायचा, बुडाशी जेमतेम सेंटीमीटरभर माती राखायची आणि गोळा फिरवत कड चिमटीत दाबत जायची. मुलं पाणी हमखास मागतात. देऊ नका! पाणी जास्त झालं की भिंत बसते, वाळताना तडे जातात. बोटं ओलावण्यापुरता स्पंज पुरे.

वाटी कच्चीच घरी जाणार असेल तर पालकांना तसं स्पष्ट सांगा, नाहीतर कोणीतरी तिच्यात पाणी भरणारच. भाजून देणार असाल तर बुडावर नाव कोरून घ्या आणि सावलीत आठवडाभर तरी वाळू द्या. आत ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होते, वाटी फुटते आणि शेजारच्या दोन-चार घेऊन जाते.

हात धुतलेलं गढूळ पाणी गटारात ओतू नका, पाइप तुंबतो. रात्रभर बादलीत निवळू द्या. वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ पुन्हा मातीत.

ठसेछपाईला टेबलावर जुन्या ब्लँकेटच्या दोन-तीन घड्या हव्यात. कडक फळीवर ठसा सगळीकडे सारखा उमटत नाही. कापड धुऊन खळ काढलेलं असावं. ठसा रंगात बुडवायचा नाही, रंग मुरलेल्या स्पंजवर टेकवायचा. नाहीतर नक्षीच्या खाचा भरतात आणि फुलाचा नुसता डाग उरतो. उचलताना सरळ वर.

कारागिरांचं मानधन आधी ठरवा आणि प्रत्येकाच्या जोडीला रांग सांभाळणारा माणूस द्या. हात मातीत असलेल्या माणसानं कूपनं फाडायची, हा प्रकार मला मुळीच पटत नाही.

इतिहासाच्या टेबलावर लोक जुने फोटो आणतात. मूळ प्रती ठेवून घेऊ नका, समोरच स्कॅन करून परत द्या. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला स्कॅनरवर 600 डीपीआय (इंचामागे 600 ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) पुरतं. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब चेहऱ्यांवर उमटतो. आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करायला मात्र बंद खोलीच शोधा. मांडवातल्या लाउडस्पीकरपुढे कुठलाही माइक टिकत नाही.