थंडरबर्डच्या टॅबांची घडी : मोंढ्यातलं मेलखातं, नोंद तिसरी

खातं मागच्या दोन नोंदींतलंच, थंडरबर्ड या कॉम्प्युटरवर मेल बघायच्या प्रोग्राममधलं. लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचं, आयमॅपवर (म्हणजे मूळ मेल सर्व्हरवरच राहते अशा पद्धतीने) चालणारं, ४ जीबी रॅमच्या विंडोज डेस्कटॉपवर. रोजची मेल ठरलेली : तेल मिल आणि दाळ मिलचे भाव, मालाच्या ओलाव्याचे रिपोर्ट, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, बँकेची स्टेटमेंटं, जीएसटीची पत्रं. मागच्या नोंदीपर्यंत फिल्टर लावून ही सगळी मेल आपापल्या फोल्डरात जायला लागली होती. या वेळचं काम टॅबांचं. सुरुवातीला पट्टीवर १४ टॅब होते आणि त्यातले ११ नुसते उघडे राहिलेले मेसेज. आता कायमचे ५ आहेत.

आधी एक फरक पक्का करून घ्यावा, कारण निम्मा गोंधळ तिथूनच होतो. थंडरबर्डमध्ये मेसेजचा टॅब वेगळा आणि फोल्डरचा वेगळा. मेसेजवर डबल क्लिक केलं किंवा एंटर दाबलं की तो मेसेज टॅबमध्ये उघडतो. फोल्डरवर राईट क्लिक करून 'ओपन इन न्यू टॅब' म्हटलं की यादीसकट अख्खं फोल्डर नव्या टॅबमध्ये येतं. माऊसचं चाक दाबलं तरी दोन्ही कामं होतात. टॅबऐवजी वेगळी खिडकी उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये जनरलखाली 'रीडिंग अँड डिस्प्ले' बघा. तिथे 'ओपन मेसेजेस इन'समोर 'न्यू टॅब' निवडलेलं हवं.

आता फोल्डर टॅबची खरी खोड. ब्राउझरसारखा टॅब पिन करून ठेवायची सोय थंडरबर्डमध्ये नाही. समजा 'बिल्टी' फोल्डरचा टॅब उघडला. त्याच टॅबमध्ये डावीकडच्या यादीतल्या 'बँक'वर चुकून क्लिक झालं, तर तो टॅब तिथल्या तिथे बँकेचा होऊन बसतो. दिवसभरात दोन-चारदा असं झालं की संध्याकाळी तीन टॅब इनबॉक्सचे आणि बिल्टीचा एकही नाही, अशी गत होते. टॅब हरवत नाहीत, आपणच ते बदलून टाकलेले असतात.

उपाय साधा आहे. टॅब उघडल्याबरोबर त्यातली फोल्डरची यादीच बंद करायची. मेनूपट्टी दिसत नसेल तर ऑल्ट दाबा. मग व्ह्यू, लेआउट, आणि तिथे 'फोल्डर पेन'वरची खूण काढा. ही खूण फक्त त्याच टॅबपुरती निघते, पहिल्या टॅबमधली यादी जागेवरच राहते. यादीच नाही म्हटल्यावर चुकीचं क्लिक होणार कुठे? शिवाय ती जागा मोकळी होऊन विषयाचा रकाना रुंद होतो, आणि बिल्टीच्या मेलमध्ये गाडी नंबर विषयातच असतो, त्यामुळे तो पूर्ण दिसायला लागतो. थंडरबर्ड बंद करून उघडलं तरी हे त्या टॅबसोबत टिकतं. खालचा वाचायचा भाग एफ-८ने बंद-चालू होतो, आणि तीही स्थिती टॅबगणिक वेगळी राहते. बिल्टीच्या टॅबमध्ये तो बंद आहे, मिलच्या टॅबमध्ये चालू.

एक फट मात्र उरते. न वाचलेल्या पुढच्या मेसेजवर जायला 'एन' दाबतात. फोल्डर संपलं की दुसऱ्या फोल्डरातल्या न वाचलेल्या मेसेजवर जायचं का, असं थंडरबर्ड विचारतं. तिथे घाईत एंटर दाबलं की टॅब पुन्हा दुसऱ्याच फोल्डरचा. कायमच्या टॅबांमध्ये 'एन' न वापरलेलं बरं.

ठरलेली मांडणी अशी. पहिला टॅब इनबॉक्सचा, आणि तो बंद होतच नाही, त्यामुळे फोल्डरची पूर्ण यादी फक्त त्याच्यात ठेवली आहे. दुसरा मिलचा, तिसरा बिल्टीचा. चौथा 'वसुली' नावाच्या सेव्ह्ड सर्चचा : मिल आणि बँक या दोन फोल्डरांतली टॅग लावलेली मेल त्यात एकत्र दिसते. हे शोध-फोल्डर फाइल, न्यू, 'सेव्ह्ड सर्च' इथून तयार होतं आणि नेहमीच्या फोल्डरासारखंच टॅबमध्ये उघडतं. पाचवा कॅलेंडरचा. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, म्हणून त्याला कायमची जागा. टॅब ओढून मागेपुढे करता येतात.

पाचच का? ११५व्या आवृत्तीपासून प्रत्येक फोल्डर टॅब आपली यादी, फिल्टरपट्टी, वाचायचा भाग असा सगळा संसार घेऊन उभा राहतो. ४ जीबीच्या मशीनवर सोबत टॅली (हिशोबाचा प्रोग्राम) आणि ब्राउझर चालू असला की दहा-बारा टॅबांचं ओझं जाणवतं. पण याच रचनेचा फायदाही आहे. यादीतली ठरावीक मेलच दाखवणारा क्विक फिल्टर (कंट्रोल + शिफ्ट + के) प्रत्येक टॅबचा स्वतंत्र चालतो. मिलच्या टॅबमध्ये फक्त न वाचलेले, बिल्टीच्या टॅबमध्ये फक्त अटॅचमेंटवाले, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

मेसेज टॅबांना मात्र पट्टीवर मुक्काम नको. त्यांची एक वाईट सवय लक्षात ठेवा : मेसेज टॅबमध्ये डिलीट दाबलं की टॅब बंद होत नाही, त्याच टॅबमध्ये पुढचा मेसेज येऊन बसतो. गेला नाही असं वाटून पुन्हा डिलीट दाबलं की पुढचाही जातो. तो मिलचा आजचा भाव असेल तर सौद्याच्या वेळेला शोधाशोध. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल + झेडने परत येतो, नाहीतर ट्रॅश फोल्डरातून काढावा लागतो. यासाठी 'रीडिंग अँड डिस्प्ले'मध्येच 'क्लोज मेसेज विंडो/टॅब ऑन मूव्ह ऑर डिलीट'वर खूण करा. या खात्यात पहिला बदल हाच केला, आणि एवढ्यानेच पट्टीवरचे निम्मे टॅब कमी झाले. 'एफ' आणि 'बी' या कळांनीही त्याच टॅबमध्ये पुढचा-मागचा मेसेज येतो, म्हणून महत्त्वाचा मेल 'टॅबमध्ये ठेवलाय' या भरवशावर राहू नये. त्याला टॅग लावावा, म्हणजे मिल किंवा बँकेच्या फोल्डरातला असेल तर तो वसुलीच्या टॅबमध्ये आपोआप दिसतो.

दुसरी गोष्ट : मेसेज टॅब तो मेसेज कोणत्या फोल्डरात आहे यावर टिकतो. इनबॉक्समधून उघडलेला मेल नंतर 'बँक'मध्ये हलवला, की पुन्हा थंडरबर्ड उघडल्यावर तो टॅब येत नाही. हा बिघाड नाही, जुन्या पत्त्यावर मेसेज सापडत नाही एवढंच. चुकून बंद केलेला टॅब मात्र कंट्रोल + शिफ्ट + टीने परत येतो.

आता लाईटचा प्रश्न, जो आपल्याकडे सोडून चालत नाही. टॅबांची मांडणी प्रोफाइल फोल्डरातल्या (थंडरबर्ड आपली मेल आणि सेटिंग्ज जिथे ठेवतं त्या फोल्डरातल्या) 'सेशन डॉट जेसन' नावाच्या छोट्या फाइलीत राहते. चालू असताना थंडरबर्ड ती साधारण दर ५ मिनिटांनी लिहितं. यूपीएस नसेल आणि लाईट गेली, तर शेवटच्या काही मिनिटांत केलेली मांडणी जाते. म्हणून नवी घडी बसवली की एकदा फाइल, एक्झिट करून थंडरबर्ड पुन्हा उघडायचं, मग ती पक्की. दोन खिडक्या उघड्या असतील तर एकेक फुली मारून बंद करू नका. टॅबांची खिडकी आधी बंद झाली तर लक्षात राहते ती शेवटी बंद केलेली, आणि दुसऱ्या दिवशी एकच टॅब समोर येतो. एक्झिटने सगळ्या खिडक्या एकदम नोंदवल्या जातात.

लाईट गेल्यावर कधी ती फाइलच अर्धवट लिहिलेली राहते. मग टॅब येतच नाहीत. हेल्पमधून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, प्रोफाइल फोल्डरसमोरच्या बटणाने फोल्डर उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा, आणि मगच ती फाइल काढून टाका. मेल, फिल्टर, पासवर्ड यांना धक्का लागत नाही, फक्त टॅब नव्याने मांडावे लागतात. तेही नको असेल तर घडी बसल्यावर, थंडरबर्ड बंद असताना, या फाइलीची एक प्रत पेनड्राईव्हवर काढून ठेवा.

नेट नसताना टॅबमध्ये मेसेज कोरा दिसत असेल तर दोष टॅबचा नाही, मजकूर उतरवलेलाच नसतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'खाली या खात्याचे मेसेज कॉम्प्युटरवर ठेवायची खूण आहे का ते बघा.

जमलं नाही ते उत्तर लिहिण्याचं. लिहायची खिडकी वेगळीच उघडते, ती टॅबमध्ये बसत नाही. तिच्यासाठी ऑल्ट + टॅबचाच आधार.

पुढच्या नोंदीसाठी बाकी : कंट्रोल + केने उघडणारे शोधाचे टॅब. शोधाची अनुक्रमणिका या मशीनवर बंद ठेवलेली आहे, आणि ती चालू केल्याशिवाय 'ओपन मेसेज इन कॉन्व्हर्सेशन'ही हाताशी येत नाही. जुनी मेल बरीच आहे, तेव्हा ती रात्री दुकान बंद झाल्यावर, इन्व्हर्टर भरलेला बघून चालू करायची.