नागपूर ते बंगळूर, पंखांवर: एका लांब शर्यतीचा माझा अनुभव

नागपूरहून बंगळूर सरळ रेषेत साधारण ९२० किलोमीटर पडतं. एवढं अंतर कबुतर एकटं कापतं आणि नेमकं आपल्याच गच्चीवर उतरतं. महाराष्ट्रात कबुतरं पाळणारे बहुतेक जण गिरेबाज पाळतात. त्यांची स्पर्धा कोण किती वेळ आभाळात टिकतं याची असते. बंगळूर आणि चेन्नईत मात्र होमरच्या, म्हणजे दुरून घरी परतणाऱ्या जातीच्या कबुतरांच्या, शर्यतींचा नाद जुना आहे. पाखरं दूर नेऊन सोडायची आणि कुणाचं आधी घरी पोचतं ते पाहायचं.

मी नागपूरची, लग्न होऊन बंगळूरला आले. ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, सासऱ्यांची. त्यांना मी मामाजी म्हणते. त्यांचे गुडघे गच्चीचा जिना चढू देईनात, तेव्हापासून ढाबळ माझ्याकडे आली. नागपूरच्या शर्यतीची संपूर्ण तयारी या हंगामात पहिल्यांदाच माझ्या हातून झाली. लांब पल्ल्याला पाखरू घालायचा विचार करणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात अवघड काम निवडीचं. आमच्या क्लबच्या शर्यती उत्तरेकडच्या एकाच वाटेवर असतात: कर्नूल ३२० किलोमीटर, हैदराबाद ५००, आदिलाबाद ७५० आणि शेवटी नागपूर. त्याआधी घरच्या सरावात देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर, पेनुकोंडा, अनंतपूर असं टप्प्याटप्प्याने लांब नेऊन सोडायचं. कर्नूलपर्यंत आमचा एक निळा पट्टेवाला नर सगळ्यांच्या पुढे होता. मला तोच नागपूरला पाठवायचा होता. मामाजी म्हणाले, "तीनशेपर्यंत वेगवान पाखरू चालतं पोरी, त्याच्या पुढे शहाणं लागतं."

याचा अर्थ आदिलाबादच्या शर्यतीनंतर कळला. नर दुसऱ्या दिवशी आला तो पार गळून गेलेला, छातीचं हाड हाताला टोचत होतं. त्याच्या मागून तास-दीड तासाने एक चेकर, म्हणजे पंखांवर चौकटीसारखी नक्षी असलेली, मादी आली. तिच्या पायांच्या बोटांवर चिखल वाळलेला होता. म्हणजे ही वाटेत कुठल्या तरी तळ्यावर उतरली, पाणी प्यायली, थांबली आणि पुन्हा निघाली. हातात घेतली तर अंग भरलेलं, डोळा स्वच्छ. वेळेच्या हिशोबात ती मागे होती, पण नऊशे किलोमीटरला जायला तीच लायक होती. एका दिवसात हे अंतर संपणं जवळपास अशक्य असतं. अंधारात कबुतरं सहसा उडत नाहीत. अनोळखी जागी सुरक्षित रात्र काढून सकाळी पुन्हा दिशा धरणारं पाखरूच घरी येतं.

वयाबद्दल माझं मत ठाम आहे. एका वर्षाची पाखरं काही जण नागपूरला घालतात, मी घालणार नाही. ही मादी तीन वर्षांची आहे आणि ही वाट तिने दोन हंगाम टप्प्याटप्प्याने उडून पाहिली आहे. कोवळ्या पाखरांची अर्धी टोपली हरवून एखादं बक्षीस मिळवण्यात मला आनंद नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तिला घरी यायचं कारण हवं. युरोपात बरेच जण नर-मादी वेगळी ठेवतात आणि शर्यतीआधी थोडा वेळच भेटू देतात. आम्ही नैसर्गिक पद्धत पाळतो. जोडी लावायची, अंडी घालू द्यायची आणि कुठल्या टप्प्यावर कोण जिवाच्या आकांताने परततं ते लक्षात ठेवायचं. मागच्या हंगामाच्या नोंदी चाळल्यावर दिसलं की ही मादी पिल्लू आठवड्याभराचं असताना सगळ्यात उत्तम येते. अंडी उबायला सतरा-अठरा दिवस लागतात. म्हणून शर्यतीच्या तारखेपासून उलटं मोजत जाऊन जोडी लावली. दोनपैकी एकच पिल्लू तिच्याखाली ठेवलं, म्हणजे तिची ताकद दोघांना भरवण्यात जाणार नाही. पिल्लाला नर आणि मादी दोघंही आपल्या अन्नपिशवीतलं दूध भरवतात, त्यामुळे ती गेल्यावर पिल्लू उपाशी राहत नाही.

दाण्याकडे मी फार लक्ष दिलं. आदिलाबादहून आल्यावर आधी हलकं खाणं: बार्ली, ज्वारी, थोडी बाजरी. मग मूग आणि वाटाणा. पाठवण्याआधीच्या चार-पाच दिवसांत मका वाढवला, करडई आणि कच्चे शेंगदाणे सुरू केले. लांब उड्डाणात कबुतर मुख्यतः चरबी जाळतं, ती आधी अंगावर चढलेली हवी. पण शेंगदाणे पहिल्या दिवसापासून घातले तर पाखरू जड होतं आणि गच्चीवरून उठायलाच कंटाळतं. रोज संध्याकाळी तिला हातात घेऊन पाहायचे. तयार झालेलं पाखरू दिसतं त्याहून हातात हलकं लागतं. छातीवरची कातडी पिसं बाजूला केल्यावर गुलाबी दिसते, नाकावरच्या गाठी चुन्यासारख्या पांढऱ्या होतात. घसा उघडून पाहिला. पिवळा थर दिसला असता तर कँकर हा घशाचा आजार समजून तिला घरीच ठेवलं असतं. आणि हे करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की, ढाबळ खरवडताना तोंडाला मास्क लावाच. पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात वर्षानुवर्षं गेली तर आजार कायमचा जडतो.

पाखरं क्लबवर जमा करायचा दिवस. लहानपणी घातलेल्या बंद कड्यावरचा क्रमांक तपासला गेला, दुसऱ्या पायात शर्यतीचं रबरी कडं चढलं. या कड्याचा क्रमांक घरी कुणालाच माहीत नसतो. पाखरू परतल्यावर कडं काढून तो क्रमांक नोंदवायचा, तीच खरी पोच. प्रत्येकाच्या गच्चीचं अंतर वेगळं, म्हणून निकाल वेगावर लागतो. ५०० किलोमीटर ८ तास २० मिनिटांत म्हणजे मिनिटाला १००० मीटर. दोन दिवसांच्या शर्यतीत रात्रीचे तास वजा होतात. ट्रकबरोबर जाणारा माणूस वाटेत दाणापाणी बघतो. ट्रक हलला की आपल्या हातात काही उरत नाही.

सोडायची जागा नागपूरच्या दक्षिणेला, मोकळ्या माळावर होती. माझा दादा पहाटेच गाडी काढून तिथे गेला. ठरलेल्या वेळेला धुकं होतं, म्हणून पाखरं थांबवून ठेवली. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. विल्यम कीटन या अमेरिकन संशोधकाने कबुतरांच्या पाठीवर छोटे चुंबक बांधून प्रयोग केले होते, त्याचा निबंध १९७१ साली आला. ऊन असताना पाखरं नीट परतली, ढगाळ दिवशी मात्र चुंबकवाली भरकटली. म्हणजे सूर्य दिसतो तेव्हा ती त्याच्यावर विसंबतात आणि तो नसला तर पृथ्वीच्या चुंबकत्वावर. इटलीतल्या पिसा इथल्या संशोधकांनी वासाचाही भाग मोठा असल्याचं दाखवलं आहे. कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. पण धुक्यात, सूर्य न दिसता, नऊशे किलोमीटरची वाट धरायला लावणं म्हणजे पाखरांचे हाल करणं. सव्वासातला ऊन आलं आणि दादाचा फोन आला, "सोडली गं सगळी. दोन घिरट्या घेतल्या आणि दक्षिणेला गेली."

नकाशावर पट्टी ठेवली तर ही रेषा जवळजवळ हैदराबाद आणि कर्नूलवरूनच जाते, खालून राष्ट्रीय महामार्ग ४४. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कबुतरांच्या पाठीवर यंत्र बांधून पाहिलं होतं, ओळखीच्या भागात ती मोठ्या रस्त्यांच्या कडेने उडतात. आमच्या वाटेवर तर हाच रस्ता शेवटपर्यंत साथ देतो. हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येकडून असतो, तोही पाठीशी. मी आणि मामाजी दिवसभर अंदाज बांधत होतो. दुपारपर्यंत गोदावरी ओलांडली असेल. अंधार पडताना हैदराबादच्या खाली, कृष्णेच्या आसपास. भीती एकाच गोष्टीची होती. आंध्रातल्या खडकाळ डोंगरांवर शाहीन ससाणे आहेत, आणि सकाळी थकून उठलेलं पाखरू त्यांना सहज सापडतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी दहापासून गच्चीवर होते. इतर पाखरं कोंडून ठेवली, नाहीतर येणारी मादी त्यांच्याबरोबर छतावरच बसून राहते. साडेबाराच्या सुमारास उत्तरेकडून ती आली. वरून गोल न फिरता सरळ, पंख अर्धे मिटून खाली आली आणि पाण्याच्या टाकीवर बसली. मी दाण्याचा डबा हलवला. शीळ घालायला तोंड कोरडं पडलं होतं. दोनतीन क्षण तिने इकडे तिकडे पाहिलं आणि ट्रॅपच्या, म्हणजे फक्त आत उघडणाऱ्या दाराच्या, तारा ढकलून आत शिरली. कडं काढताना माझे हात थरथरत होते. एका पंखाचं एक लांब पीस अर्ध्यात तुटलं होतं, शेपटीतली दोन गायब. ससाण्याच्या तावडीतून ती सुटली होती, एवढं त्यावरून समजलं. खाली जाऊन मामाजींना सांगितलं तेव्हा ते आधी वेळ विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "पाणी प्यायली का?"

प्यायली. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ घालून ठेवलं होतं. दाणा लगेच भरपूर द्यायचा नाही. थोडी बाजरी दिली, दोन तासांनी आणखी. ती मात्र दाण्याआधी घरट्यात गेली, नराला चोचीने बाजूला सारलं आणि पिल्लावर बसली. दुसऱ्या दिवशी अंघोळीचं तसराळं भरून ठेवलं.

निकालात आमचा क्रमांक पहिल्या दहात आहे. आमच्या क्लबमधली बरीच पाखरं त्या दिवशी आली, काही तिसऱ्या दिवशी, आणि काहींची वाट त्यांचे मालक अजून बघत आहेत. बेल्जियममध्ये या नादाला आज अफाट पैसा चिकटला आहे. २०१९ मध्ये तिथला अर्मांडो हा नर साडेबारा लाख युरोंना विकला गेला. आमच्या मादीसाठीही एकाने किंमत विचारली. मामाजींनी आणि मी एकमेकांना न विचारताच नाही म्हटलं. ती या हंगामात पुन्हा टोपलीत जाणार नाही. तुटलेलं पीस पिसं झडताना आपोआप बदलेल. तिच्या पिल्लाच्या पायात या वर्षाचं कडं कधीच चढलं आहे, पुढच्या आठवड्यापासून ते गच्चीवर पिंजऱ्यात ठेवून त्याला आजूबाजूची घरं दाखवायला सुरुवात करायची आहे.